एक उदास चाल

अण्णांची नवी कवळी बसवून आणली त्या रात्री साडेअकराच्या सुमारास न्हाणीघराचा नळ बराच वेळ चालू होता. दात घासतानाही नळ बंद ठेवणारा आणि घरातल्या सगळ्यांना तसे बजावत आलेला हा माणूस आज पाणी वाहू देतो आहे, हे मला विचित्र वाटले. त्यांना काही होत तर नसेल ना, या काळजीने मी उठून दारापाशी गेलो. आत पाण्याच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता. निखाऱ्यावर फुंकर घालावी तशी हवा येत होती, थांबत होती, मग थोडी बारीक होऊन पुन्हा येत होती. तिला लय होती. सूर मात्र नव्हता. दोन-तीनदा ऐकल्यावर त्या लयीवरून मी ओळखले की हा एका जुन्या नाट्यपदाचा मुखडा आहे आणि अण्णा शीळ घालून पाहत आहेत. मी हाक मारली नाही. चोरून काही ऐकल्यासारखा, पावले न वाजवता, मी माझ्या खोलीत परत आलो.

अण्णांच्या शिळेला आमच्या घरात घड्याळाचा मान होता. संध्याकाळी कचेरीतून परतताना त्यांची सायकल गल्लीच्या तोंडाशी वळली की शीळ सुरू होई आणि ती ऐकून आई चहाचे आधण ठेवी. बोटे तोंडात घालून मारतात तशी ती शिट्टी नव्हती. ओठांचा लहानसा चंबू करून, जवळजवळ स्वतःपुरती घातलेली, मुरक्या आणि जागा यांसकट उतरणारी ती शीळ होती. ते गाणे शिकले नव्हते, गळाही बेताचाच होता, पण ऐकलेले सगळे त्यांच्या ओठांतून बिनचूक बाहेर येई. एखाद्या पदातली अवघड जागा शिळेवर नीट उतरली की सायकलवरून उतरता उतरता ते स्वतःशीच मान हलवत. एक्क्याऐंशीव्या वर्षी त्यांचे उरलेसुरले दात काढावे लागले. हिरड्या भरून येण्यात तीन महिने गेले, मग मापे झाली, साचा झाला, दंतवैद्यांनी दोनदा घासून कवळी बसवली, समोर आरसा धरला आणि सांगितले की सवय हळूहळू होईल, आधी मऊ पदार्थ खा, रोज मोठ्याने वर्तमानपत्र वाचा, म्हणजे उच्चार सुधारतील. शिळेबद्दल ते काही बोलले नाहीत आणि ते साहजिकच होते. तो प्रश्न आमच्यापैकी कोणी विचारलाच नव्हता.

मला झोप आली नाही. अशा वेळी मी जे नेहमी ऐकतो तेच लावले. चेट बेकर या अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादकाने जून १९८५ मध्ये, नेदरलँड्समधल्या मॉन्स्टर या समुद्रकाठच्या गावात, फिलिप कातरीन आणि झाँ-लुई रासँफोस या दोन बेल्जियन वादकांबरोबर केलेले ते ध्वनिमुद्रण आहे. ट्रम्पेट, गिटार आणि डबल बास, एवढीच वाद्ये. त्यातले ‘सॅड वॉक’ मी गेली वीसेक वर्षे ऐकतो आहे. ट्रम्पेटचा सूर लागण्याच्या निमिषभर आधी त्यात हवा ऐकू येते, आणि सूर संपल्यावरही थोडी हवा मागे उरते. ही हवा म्हणजे चेटची शैली, त्याचा हळवेपणा, रात्रीच्या संगीताला शोभणारे धुके, असे मी आजवर मानत आलो होतो आणि मित्रांना ऐकवताना तसे सांगतही होतो. त्या रात्री अंधारात हेडफोन लावून बसलेलो असताना ती मला अगदी निराळी ऐकू आली.

न्हाणीघरातून आली होती तीच ती हवा.

ट्रम्पेटला सनईसारखी पत्ती किंवा सॅक्सोफोनसारखे रीड नसते. वाजवणाऱ्याचे ओठ हेच त्याचे रीड. माउथपीसच्या लहानशा वाटीत ओठ दाबून धरायचे, त्यांच्या फटीतून हवा सोडायची, ते थरथरले पाहिजेत, आणि ती थरथर सुमारे दीड मीटर लांबीच्या, वळणे घेतलेल्या पितळी नळीतून जाऊन सूर होते. व्हॉल्व्ह तीनच असतात. बोटांच्या एकाच ठेवणीवर पाच-सहा वेगवेगळे स्वर निघतात आणि त्यांतला नेमका कोणता निघावा हे ओठांचा ताण आणि हवेचा जोर ठरवतो. म्हणजे सूर हातात नसतो, तोंडात असतो. ओठांमागे दातांची भिंत असते म्हणून माउथपीसचा दाब त्यांना पेलवतो. भिंत गेली की ओठ आत जातात, हवा कडेने निसटते, आणि भिंतीच्या जागी कवळी आली तरी ती दाबाखाली हिरडीवर डुगडुगते. हे सगळे मी वाचले होते, मला माहीत होते. पण माहीत असलेली गोष्ट आपल्या घराच्या बंद दारामागून ऐकू येईपर्यंत ती खरी वाटत नाही, हेही तितकेच खरे.

चेटच्या दातांची गोष्ट तशी लहानपणापासूनची आहे. ओक्लाहोमा राज्यातल्या येल या गावी १९२९ साली जन्मलेल्या या मुलाला वडिलांनी आधी ट्रॉम्बोन आणून दिला. तो त्याला फार मोठा पडला, म्हणून त्याच्या जागी ट्रम्पेट आला. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात आले, आणि तिथे पोरवयातच कोणीतरी मारलेला दगड लागून त्याचा पुढचा एक दात गेला. तो तसाच वाजवत राहिला. पन्नाशीच्या दशकातली त्याची छायाचित्रे पाहा: देखणा, गालफडे वर आलेला, चित्रपटाच्या नायकासारखा तरुण, आणि बहुतेक सगळ्या चित्रांत ओठ मिटलेले. त्या मिटलेल्या ओठांना लोकांनी गूढ म्हटले, उदास म्हटले. त्यामागे एक पडका दात होता हे कळल्यावर माझ्या मनातले त्याचे आकर्षण कमी झाले नाही. उलट तो मला जवळचा वाटू लागला.

१९५२ साली लॉस एंजेलिसमध्ये जेरी मलिगन या बॅरिटोन सॅक्सोफोनवादकाच्या चौकडीत तो प्रसिद्धीला आला. त्या चौकडीत पियानो नव्हता, आणि ही त्या काळी चकित करणारी गोष्ट होती. पियानो नसल्याने खाली स्वरांची सलग बैठक नव्हती. ट्रम्पेट आणि बॅरिटोन सॅक्सोफोन एकमेकांना आधार देत मोकळ्यावर चालत, आणि चेटचा सूर त्या मोकळ्या जागेत बरोबर मावत असे. मधल्या सप्तकात राहणारा, कंप जवळजवळ नसलेला, कानाशी येऊन बोलणारा. या शैलीला ‘कूल’ म्हणतात. त्या शब्दाला मराठीत ‘थंड’ म्हटले तर सगळाच अर्थ जातो. ‘संयत’ त्यातल्या त्यात जवळ येतो. आपल्याकडे एखादा गवई तान घेऊ शकत असूनही घेत नाही, नुसता गंधारावर थांबतो आणि श्रोत्यांना त्या न घेतलेल्या तानेचीही जाणीव होते, तसे काहीसे ते आहे. चेट कॉर्डांच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरगुच्छांच्या, नावांपेक्षा कानावर विसंबून वाजवत असे. पुढचा स्वर कोणता हे त्याला कागद सांगत नसे.

‘सॅड वॉक’ ही बॉब झीफ या संगीतकाराची रचना आहे, आणि ती चेटने पहिल्यांदा मुद्रित केली ती याच्या तीस वर्षे आधी, ऑक्टोबर १९५५ मध्ये, पॅरिसला. ‘वॉक’ला आपण ‘चाल’ म्हणतो, आणि मराठीत चाल म्हणजे पावलांचीही आणि गाण्याचीही. या रचनेच्या नावाचे ‘उदास चाल’ असे भाषांतर माझ्या डोक्यात फार पूर्वीच होऊन बसले आहे, आणि दोन्ही अर्थांनी ते चपखल बसते. पॅरिसच्या त्या मुद्रणात पियानोवर डिक ट्वार्डझिक होता, बासवर जिमी बाँड, ड्रम्सवर पीटर लिटमन. चौघेही अमेरिकेहून दौऱ्यावर आलेले, चौघेही तरुण. ट्वार्डझिक चोवीस वर्षांचा होता, आणि त्याचे पियानोवरचे स्वरगुच्छ असे कोनाकोनांचे, अनपेक्षित जागी उमटणारे आहेत की आजही ते ऐकताना मान आपोआप वळते. चेटचा ट्रम्पेट त्या कोनांमधून घसरगुंडीवरून यावा तसा सहज येतो. २१ ऑक्टोबरला, मुद्रणानंतर अवघ्या काही दिवसांनी, ट्वार्डझिक पॅरिसमधल्या हॉटेलच्या खोलीत मृत सापडला. हेरॉइनचे प्रमाण जास्त झाले होते.

यानंतर जे घडले त्याकडे मी बरीच वर्षे दुर्लक्ष केले होते. चेट परत गेला नाही. तो महिना संपण्यापूर्वीच जेरार गुस्तँ या फ्रेंच पियानोवादकाबरोबर आणि बर्ट डालांदर या स्वीडिश ड्रमरबरोबर तो पुन्हा मुद्रणाला बसला. त्यात त्याने लोकप्रिय, सर्वांना ठाऊक असलेली गाणी वाजवली. ज्यांची भाषा वेगळी, ज्यांच्याशी बोलणेसुद्धा तोडक्यामोडक्या शब्दांत, अशा माणसांबरोबर वाजवायचे तर दोघांनाही पाठ असलेलेच काहीतरी हवे. मृत्यूनंतर घरात आलेल्या पाहुण्यांशी आपण जसे हवापाण्याचे, प्रवासाचे बोलतो आणि त्या बोलण्याच्या आधाराने तो दिवस ढकलतो, तशी ती मुद्रणे मला आता वाटतात. झीफच्या रचना त्यात नाहीत. उदास चाल त्याने तिथे बाजूला ठेवली.

युरोप हे पुढे त्याचे जवळजवळ घर झाले, पण ते घर त्याला सुखासुखी मिळाले नाही. १९६० च्या उन्हाळ्यात इटलीत लुक्काजवळ त्याला अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली आणि १९६१ च्या डिसेंबरमध्ये तो तुरुंगातून सुटला. तुरुंगात त्याला थोडा वेळ वाजवण्याची मुभा होती, आणि लुक्का शहराच्या जुन्या तटबंदीवर फिरायला येणारे लोक ते ऐकायला थांबत असे सांगतात. सुटल्यावर लगेच, जानेवारी १९६२ मध्ये, रोमला त्याने जे मुद्रण केले ते युरोपीय वादकांबरोबरच्या त्याच्या मोठ्या कामांपैकी एक म्हणता येईल. सॅक्सोफोन आणि बासरीवर बॉबी जास्पार, गिटारवर रेने तोमा, बासवर बनुआ केरसँ, हे तिघे बेल्जियन. पियानोवर इटलीचा आमेदेओ तोमासी, ड्रम्सवर स्वित्झर्लंडचा दानिएल उमेर. याच सुमारास त्याने तुरुंगात रचलेली चार गाणी एन्नियो मोरिकोने या इटालियन संगीतकाराच्या वाद्यवृंदासह गायली, पण माझे मन त्या सहा जणांच्या मुद्रणातच अडकलेले आहे. त्यातला चेट संयत वगैरे अजिबात नाही. दीडेक वर्ष कोंडलेला माणूस मोकळ्या रस्त्यावर धावत सुटावा तसा तो वाजवतो. जलद लयीत तो जास्पारच्या पुढे धावतो, मग मागे वळून पाहतो, आणि उमेरचे ड्रम्स त्याला पुन्हा पुढे ढकलतात. ही त्याची ताकद किती दिवसांची होती हे आपल्याला माहीत असते आणि तरीही, किंवा म्हणूनच, ते ऐकताना छाती भरून येते.

१९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात त्याला जबर मारहाण झाली. ती कोणी आणि कशी केली हे तो स्वतःच वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे सांगे. त्या मारहाणीने आणि वर्षानुवर्षांच्या हेरॉइनने मिळून त्याचे दात संपवले, आणि तोंडात कवळी आली. काही काळ त्याने पेट्रोल पंपावर काम केले. ट्रम्पेट वाजवणाऱ्याला ओठांची जी ठेवण कमवायला दहा-दहा वर्षे लागतात, ती त्याला चाळिशीच्या उंबरठ्यावर पहिल्यापासून कमवावी लागली. १९७३ मध्ये तो न्यूयॉर्कला पुन्हा लोकांसमोर वाजवू लागला. मधल्या त्या वर्षांत त्याने कवळीवर माउथपीस टेकवून किती वेळा नुसती हवा काढली असेल, दारे लावून घेतली असतील का, शेजारी ऐकू नये म्हणून नळ सोडला असेल का, हे कुठल्याही चरित्रात सापडणार नाही. त्या रात्रीपासून मला मात्र त्याच्या आयुष्यातली तीच वर्षे सर्वांत जास्त पाहावीशी वाटतात.

सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून तो बहुतांश युरोपातच राहिला. राहिला म्हणजे फिरत राहिला. आज कोपनहेगन, परवा पॅरिस, मग रोम, मग एखादे जर्मन गाव. लिएज या बेल्जियन शहरात जाक पेल्झर नावाचा सॅक्सोफोनवादक होता. तो पेशाने औषधविक्रेताही होता, आणि त्याचे घर चेटसाठी कायम उघडे असे. जास्पार आणि तोमा हेही त्याच लिएजचे. एका लहानशा देशातल्या एका शहराने या माणसाला इतक्या वेळा हात दिला, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते. या भटकंतीत त्याने अनेक लहान कंपन्यांसाठी भरमसाट मुद्रणे केली, बहुधा रोख पैशांसाठी. त्यांतली सगळी चांगली नाहीत. काहींत तो दमलेला आहे, काहींत त्याचे लक्ष नाही, काहींत सूर अक्षरशः ओठांवरून गळून पडतो. चाहत्यांनी हे मान्य करायला हरकत नसावी. त्याने उरलेल्या मुद्रणांचे मोल वाढतेच.

उरलेल्यांपैकी बरीचशी ड्रम्सविना आहेत. साधारण ड्रमर असण्यापेक्षा ड्रमर नसलेला बरा, असे त्याचे मत होते. जून १९७९ मध्ये कोपनहेगनला नील्स-हेनिंग ऑर्स्टेड पेडरसन या डॅनिश बासवादकाबरोबर आणि तिथेच स्थायिक झालेल्या डग रेनी या तरुण अमेरिकन गिटारवादकाबरोबर त्याने केलेले मुद्रण याच घडणीचे आहे, आणि मिशेल ग्राइये या फ्रेंच पियानोवादकाबरोबर व रिकार्डो देल फ्रा या इटालियन बासवादकाबरोबर त्याने केलेली कामेही. तरुणपणी पियानो गेला, उतारवयात ड्रम्स गेले. १९५२ मध्ये मोकळी जागा ही हौस होती, १९८५ मध्ये ती गरज होती. ड्रम्सच्या झांजा सतत झणझणत असल्या तर हलक्या फुंकरीचा सूर त्यांच्याखाली दबतो, मग वाजवणाऱ्याला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की कवळी हलते. जे आपण सौंदर्यदृष्टी म्हणून वाखाणतो त्यात हा साधा शारीरिक हिशेबही असला पाहिजे.

आता मॉन्स्टरचे ते ‘सॅड वॉक’. रासँफोसचा बास यात चालतो. जॅझवाले त्या वाजवण्याला वॉकिंग बासच म्हणतात. प्रत्येक मात्रेला एक स्वर, घाई नाही, पावलागणिक जमीन आहे याची खात्री देणारा. कातरीनची गिटार त्याच्या थोडी वर, पण ट्रम्पेटच्या रस्त्यात कुठेही नाही. मी त्या रात्री ट्रम्पेट सोडून फक्त गिटार ऐकायचे ठरवले आणि पुन्हा सुरुवातीपासून लावले. चेटचा वाक्यांश जिथे संपतो तिथे गिटार लगेच बोलत नाही. ती त्याचा श्वास घेऊन होईपर्यंत थांबते. सूर लागायला हवेचा एक कण जास्त लागला, थोडा उशीर झाला, तर तिचा पुढचा कॉर्डही तेवढाच मागे सरकतो, आणि मग तो उशीर हा उशीर राहत नाही, ती लयीची एक ढब होते. एके ठिकाणी सूर नीट लागत नाही, नुसतीच हवा येते, आणि नेमक्या त्याच ठिकाणी गिटारची एक तार हळूच छेडली जाते. ते ठरवून केले होते की त्या क्षणी झाले, कोण जाणे. पण ती तार चेटच्या मौनावर पांघरूण घालते असे मला वाटले, आणि मी हेडफोन काढून थोडा वेळ तसाच बसलो.

पुण्यातल्या एका घरगुती बैठकीत, पुष्कळ वर्षांपूर्वी, सत्तरी उलटलेल्या एका गायकांना मी ऐकले होते. वरच्या षड्जावर जाताना त्यांचा दम अर्ध्यात संपला. पेटीवर बसलेल्या साथीदाराने तो षड्ज अलगद धरला, आवाज न वाढवता, आणि तबलजीने ठेका इतका हलका केला की बोटे चामड्यावर नुसती टेकत होती. बुवांनी श्वास घेतला, पेटीने धरून ठेवलेल्या सुरात आपला सूर मिसळला आणि ते पुढे निघाले. श्रोत्यांपैकी निम्म्यांना काही घडले हे कळलेही नसेल. आपल्याकडे याला साथ म्हणतात. साथ करणारा गवयाच्या पुढे गेला तर लोक नाव ठेवतात, मागे पडला तरी ठेवतात, आणि बरोबर राहिला तर कोणाचे लक्षच जात नाही. त्याच भाषेत ‘जागा’ म्हणजे गाण्यातला तो खास, वळणदार टप्पा, जो ‘घ्यावा’ लागतो. आणि जागा म्हणजे मोकळी जागा, जी दुसऱ्याला करून द्यावी लागते. कातरीन आणि रासँफोस यांनी मराठी ऐकली नसेल, पण या शब्दाचे दोन्ही अर्थ त्यांच्या बोटांना ठाऊक होते.

माझ्या मनात एक बोच मात्र आहे आणि ती मी लपवणार नाही. मुद्रणाचे पैसे हातात पडले की त्यांतले बरेचसे कुठे जाणार हे चेटच्या आसपासच्या सगळ्यांना माहीत होते. त्याच्या व्यसनापायी त्याच्या बायकामुलांची जी परवड झाली तीही जगजाहीर आहे. अशा माणसाला सुरात इतक्या मायेने सांभाळणे म्हणजे त्याच्या पडझडीलाही साथ देणे होते का? पडलेल्या चेहऱ्याची, खोल गेलेल्या गालांची छायाचित्रे ध्वनिमुद्रिकांच्या पाकिटांवर छापून ती विकणाऱ्यांबद्दल मला राग आहे. पण वाजवताना समोर बसलेल्या वादकाने काय करावे? त्याचा सूर डळमळला तर त्याला डळमळू द्यावे, म्हणजे तो शहाणा होईल? मला ते जमले नसते. त्या प्रश्नापाशी मी अनेकदा येतो आणि प्रत्येक वेळी पुन्हा गिटारकडे वळतो.

२८ एप्रिल १९८८ रोजी हॅनोव्हरला मोठ्या वाद्यवृंदासह त्याचा कार्यक्रम झाला, तो मुद्रित झालेला आहे. १३ मे रोजी पहाटे अॅमस्टरडॅममधल्या हॉटेलच्या खिडकीतून पडून तो गेला. अठ्ठावन्न वर्षांचा होता.

त्या रात्रीनंतरच्या रविवारी दुपारी अण्णा आरामखुर्चीत बसले होते. जेवणात भाकरी कुस्करून दुधात घेतली होती, तरी खालच्या कवळीखाली काहीतरी सलत होते आणि ते सारखे जिभेने चाचपत होते. मी स्पीकर आणून कोनाड्यात ठेवला आणि म्हटले, “अण्णा, एक ऐकवू का तुम्हाला? अमेरिकन माणूस आहे. बरोबरचे दोघे बेल्जियमचे.” त्यांनी मान हलवली. जॅझ त्यांनी कधी मुद्दाम ऐकलेले नाही. हिंदी चित्रपटगीतांत गोव्याच्या वादकांचे ट्रम्पेट त्यांनी आयुष्यभर ऐकले होते, पण ते वरच्या पट्टीतले, चमकदार, गाण्याची वर्दी देणारे. हे त्यांना सुरुवातीला अपुरे वाटले असावे, कारण बास आणि गिटार चालू असताना ते ‘मुख्य’ गाणे सुरू व्हायची वाट पाहत होते असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले. मग हळूहळू त्यांची बोटे खुर्चीच्या हातावर बासबरोबर पडू लागली.

“शीळ घातल्यासारखा वाजवतोय,” ते म्हणाले.

मी सांगितले की या वेळी त्याला दात नव्हते, कवळीवर वाजवतो आहे. त्यांनी पटकन माझ्याकडे पाहिले. न्हाणीघराच्या दाराशी मी होतो हे त्यांना कळले की काय, या शंकेने मी नजर स्पीकरकडे वळवली. काही वेळ ते गप्प होते. मग अगदी व्यवहारातली चौकशी करावी तशा आवाजात त्यांनी विचारले, “पण घट्ट कशी राहते रे? मी नुसती फुंकर घातली तरी माझी वरची खाली येते.”

मला याचे उत्तर माहीत नव्हते. त्याने सगळे पहिल्यापासून शिकून घेतले, एवढेच मी सांगू शकलो. त्यात काही वर्षे गेली, असेही सांगितले, आणि सांगितल्यावर एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला आपण हे काय सांगितले असे वाटून मी ओशाळलो. त्यांना त्याचे काही वाटलेले दिसले नाही. ते म्हणाले, “पुन्हा लाव.”

मी पुन्हा लावले. बास चालू लागला तेव्हा अण्णांनी खुर्चीशेजारच्या स्टुलावरची पाण्याची वाटी जवळ ओढली, दोन्ही कवळ्या काढून तिच्यात ठेवल्या आणि धोतराच्या सोग्याने ओठ पुसले. त्यांचे गाल आत गेले. डोळे मिटून ते मागे टेकले. ट्रम्पेट आला, थांबला, गिटारने त्याला श्वास घेऊ दिला, तो पुन्हा आला. मी पाहत होतो तो अण्णांच्या ओठांचा चंबू झाला होता आणि त्यातून अगदी बारीक हवा येत होती, बासच्या पावलाबरोबर, थोडी मागे, मग बरोबर.

मी उठून स्पीकरचा आवाज थोडा कमी केला.